महिन्याला चाळीस

यादीतल्या दोनशे सतराव्या ओळीवर येऊन भुवनेश्वरी थांबली. आपल्या तोंडून काही आवाज निघाला की काय, अशी शंका येऊन तिनं मान वर केली. पण कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या त्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर एप्रिलमधल्या कुठल्याही सकाळी अकरा वाजता जे चालतं तेच चाललं होतं. कूलर घरघरत होता, पॅकिंगच्या टेबलावर चिकटपट्टी करकरत ओढली जात होती, आणि खाली सिग्नल सुटल्याबरोबर सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले होते. तिनं पुन्हा संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. ‘पाठीला जखम होऊ नये म्हणून खाली काय अंथरावं’. पुढच्या रकान्यात आकडा होता चाळीस, म्हणजे महिन्याला चाळीस वेळा कुणीतरी इंटरनेटवर हे विचारत होतं. त्याच्या पुढच्या रकान्यात, स्पर्धा: कमी. ओळ तिची होती. नुसता अर्थ तिचा होता असं नव्हे, शब्द तिचे होते, त्याच क्रमानं. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, औषधी पाण्याचा वास येणारे हात पदराला पुसून, तिनं हे वाक्य फोनमध्ये लिहिलं होतं, आणि उत्तरादाखल आलेल्या मलमांच्या जाहिराती बघून फोन पालथा घातला होता. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही तिला वाटलं नव्हतं. आणि आता भर बाजारात कुणी अनोळखी माणसानं आपल्याला माहेरच्या लाडक्या नावानं हाक मारावी, तसं तिला झालं.

लोक काय शोधतात ते शोधणं हे भुवनेश्वरीचं काम होतं, आणि ते तिला चांगलं येत होतं. हे ती स्वतःशी मान्य करायला शिकली होती. मोठ्यानं म्हणायची वेळ अजून आली नव्हती. चार वर्षांपूर्वी ती इथं टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. मग मालकांच्या पुतण्यानं, दिग्विजयनं, दुकान इंटरनेटवर नेलं आणि मालाची वर्णनं मराठीत लिहायला कुणी नव्हतं म्हणून तिला खुर्ची मिळाली. वर्णनं लिहिता लिहिता तिला कळलं की आपण मालाला जे नाव देतो ते नाव घेऊन गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक आपली अडचण घेऊन येतं. ‘उत्तम दर्जाचा सुती टॉवेल’ असं कुणीच विचारत नाही. ‘पन्नास पाहुण्यांना आहेरात टॉवेल-टोपी’ असं विचारतात, आणि तेवढ्या एका ओळीवर तिनं दुकानाचा एक अख्खा लग्नाचा हंगाम काढून दिला होता. मोठ्या शब्दांचं तिला भय वाटेनासं झालं होतं, आकर्षणही उरलं नव्हतं. ‘सोलापुरी चादर’ म्हटलं की जत्रा. त्या जत्रेत ज्या गावांनी कधी चादर विणली नाही तिथलेही लोक ठेला मांडून उभे. पण यादी खाली खाली सरकवत नेली की आवाज कमी होत जातो. शब्द लांबतात, आकडे लहान होतात, आणि एका वळणावर एकटंच माणूस उभं दिसतं, ज्याला आपल्याला नक्की काय हवंय ते माहीत असतं आणि ते कुठं मिळतं ते माहीत नसतं. त्या माणसापर्यंत पोचायचं. दिग्विजय याला बारका बाजार म्हणायचा. भुवनेश्वरीला त्यात बाजार कमी आणि माणूस जास्त दिसायचं, पण हे ती बोलून दाखवत नसे.

गेला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःसाठी शोधत होती. पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग होते, सासऱ्यांचे. नरसय्या त्यांचं नाव. तेलुगू घरात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला अत्ता, तशी ती त्यांना मामाच म्हणायची. दिवाळीपासून माग बंद होते. चादर घेणारे व्यापारी दुसरीकडून स्वस्त माल उचलायला लागले होते, आणि मामांनी एका सकाळी चहा पिता पिता सांगितलं की भंगारवाल्याला बोलावलं आहे, लोखंड किलोवर जाईल. भिवंडीला मागावरच असलेल्या तिच्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं की नान्ना, म्हणजे वडील, म्हणतात तसं करा. तेव्हा भुवनेश्वरी, जी सासऱ्यांसमोर कधी खुर्चीवर बसली नव्हती, दारात उभी राहून म्हणाली होती की एक महिना थांबा, मागावर काय विणायचं ते मी शोधते. मामांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं होतं की मागावर चादर विणतात, दुसरं काय विणणार. पण ते थांबले होते. तो महिना आज संपत होता. भंगारवाल्याचा टेम्पो चार वाजता येणार होता.

आणि दोनशे सतरावी ओळ. पहिला धक्का ओसरल्यावर तिला शंका आली. हा आकडा आपलाच असला तर? अत्ता अंथरुणाला खिळली होती त्या अकरा महिन्यांत आपण हे किती वेळा विचारलं? शब्द फिरवून फिरवून विचारलं, तिची कूस बदलून झाल्यावर विचारलं, अत्ता झोपल्यावर विचारलं. चाळीस वेळा सहज झालं असेल. म्हणजे यंत्रानं आपलंच रडगाणं जपून ठेवलं, आणि आज आपल्याच पुढे आकडा करून मांडलं. आपण एका रिकाम्या आडात ओरडलो, आणि इतक्या वर्षांनी आपलाच आवाज ऐकून त्याला गिऱ्हाईक समजतो आहोत. तिला स्वतःची लाज वाटली. मग, लाज वाटत असतानाच, तिच्या हातांनी सवयीनं तेच केलं जे ते रोज करत: रकान्याच्या डोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला मोठी केली. गेल्या बारा महिन्यांची सरासरी. अत्ताला जाऊन या दिवाळीला पाच वर्षं होतील. गेल्या बारा महिन्यांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं. हिशोब एवढा सोपा होता तरी तिनं तो बोटांवर केला. त्या चाळिसांत ती नव्हती. ते दुसरे होते. मंगळवेढ्यात असेल कुणी, नांदेडात असेल, आत्ता या क्षणी असेल, असाच ओला हात पुसून, असंच उंबऱ्यावर. तिला आनंद झाला असं म्हणवत नाही, पण छातीत काहीतरी सरळ उभं राहिलं. आपलं वाक्य आपलं एकटीचं नव्हतं, एवढं कळल्यावर माणूस किती मोकळा श्वास घेतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

अत्ता पडली ती मोरीत, आणि मग उठलीच नाही. कंबरेखालचं सगळं गेलं. मामांनी त्या आठवड्यात मागावर दुसरं काही घेतलं नाही. तिच्यासाठी चादर विणली, जाड, दुपदरी, मधोमध मोर, चारी कोपऱ्यांना कोयऱ्या, आणि कडेला अत्ताच्या आवडीचा डाळिंबी पट्टा. असा मोर पूर्व भागात कुणी काढत नाही, असं बघायला येणारे म्हणायचे. मामांनी ती स्वतःच्या हातांनी पलंगावर अंथरली. सोलापूरच्या विणकराच्या घरात आजारी माणसाला याहून चांगलं काय द्यायचं? दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. पंधरा दिवसांनी भुवनेश्वरीनं अत्ताला कुशीवर वळवलं तेव्हा पाठीच्या खालच्या भागावर लाल रेघा उमटल्या होत्या, आणि त्या रेघांत तिला मोराचा पिसारा ओळखू आला. सरकारी दवाखान्यातून पट्टी करायला एक सिस्टर यायची. तिनं चादरीवर तळहात फिरवला आणि भुवनेश्वरीला बाजूला घेऊन सांगितलं की जखम पडून राहिल्यानं होते, दर दोन तासांनी वळवा. पण हे उठावाचं कापड खाली नको, याची नक्षी घासते, साधं पातळ सपाट काहीतरी घाला. मग तिनं एक जुनं धोतर मागून घेतलं, चौपदरी करून अत्ताच्या कंबरेखाली सरकवलं, आणि दोन्ही टोकं दोघींनी धरून ओढल्यावर अत्ता अल्लद कुशीवर झाली, जणू तिचं वजनच नव्हतं. धोतराला सुरकुत्या पडत, ते सरके, फाटे. पण रेघा फिक्या झाल्या. एवढंच मात्र मामांना कुणी सांगितलं नाही. सकाळी ते शेडमध्ये गेले की चादर निघायची आणि धोतर यायचं. संध्याकाळी माग बंद झाल्याचं ऐकू आलं की धोतर निघायचं आणि मोर यायचा. ते हात धुऊन येत, पलंगाशी बसत, चादरीची कड चिमटीत धरून नीट करत. रात्रभर अत्ता त्या मोरावर पडून राही. एकदा भुवनेश्वरी म्हणाली की मी सांगते त्यांना. अत्तानं तिचा हात धरला. मग भुवनेश्वरीनं ते सांगितलंच नाही, आणि अकरा महिने ती रोज सकाळ-संध्याकाळ चादर बदलत राहिली, आणि अत्ता गेल्यावरही तिनं तो विषय कुठं ठेवून दिला ते तिचं तिलाच आठवेनासं झालं होतं.

तिनं ओळ कॉपी केली आणि कामाला लागली. हे काम करताना तिचं मन नेहमीच शांत होई, तसं ते आताही झालं, आणि त्या शांतपणाचा तिला थोडा अभिमान वाटला. त्या ओळीच्या आजूबाजूला काय आहे ते तिनं काढलं. ‘आजारी माणसाला न उठवता चादर कशी बदलावी’. ‘कूस बदलायला कापड’. ‘आजोबांच्या पलंगासाठी न सरकणारी सुती चादर’. ‘झोपून असलेल्या बाईला सुती चादर कुठली चांगली’. एकेका ओळीपुढे दहा, तीस, सत्तर. अशा त्रेसष्ट ओळी मिळाल्या, आणि त्यांची बेरीज महिन्याला चौदाशेच्या वर गेली. मग तिनं प्रत्येक ओळ स्वतः शोधून पाहिली, गिऱ्हाईक होऊन. हवेच्या गाद्या आल्या, मलमं आली, रबरी कापडं आली, एका डॉक्टरांचा लांबलचक लेख आला ज्यात साधं सुती कापड घालावं असं सांगितलं होतं आणि ते कुठं मिळेल ते सांगितलं नव्हतं. विणून कुणीच ठेवलं नव्हतं. तिला क्षणभर वाटलं की हे बरं नव्हे. माणूस उंबऱ्यावर बसलेलं असताना त्याच्यासमोर दुकान मांडायचं, आणि तेही स्वतःच्या अत्ताच्या पाठीवरून शिकून. मग तिला त्या दुपारचा पालथा फोन आठवला. त्या दिवशी कुणी तिच्यासमोर दुकान मांडलं असतं तर तिनं त्याचे पाय धरले असते. जखम चादरीनं बरी होत नाही, वळवायला लागतंच, हे पहिल्याच ओळीत लिहायचं, असं तिनं ठरवलं. खरं सांगून विकलेलं कापड हे कापडच असतं. एवढं झाल्यावर ती दिग्विजयच्या टेबलाशी गेली आणि अर्धा दिवस सुट्टी मागितली, आणि कशासाठी ते विचारल्यावर कागद पुढे केला. त्यानं पहिली ओळ वाचली.

“ताई, चाळीस?” तो हसला. “आपल्या खालच्या चहावाल्याकडं चाळीस गिऱ्हाईक सकाळी दात घासायच्या आधी येतंय की.”

“येतं. पण दुसरं दुकान दिसलं की तिकडं जातं,” ती म्हणाली. “ह्यांना जायला दुसरं दुकान नाही.”

तो आणखी काही गंमत करणार होता. पण उरलेल्या ओळी वाचता वाचता त्याचं हसू उतरलं. त्याची आजी गेल्या वर्षीच गेली होती, हे तिला तेव्हा आठवलं. कागद परत देताना तो म्हणाला की उद्या उशिरा आलात तरी चालेल.

शेअर रिक्षात तिच्या गुडघ्यांवर तो कागद होता आणि उन्हाच्या झळा दोन्ही बाजूंनी आत येत होत्या. घरी जाऊन काय बोलायचं याची वाक्यं ती जुळवत होती, आणि गंमत अशी की आकड्यांची सगळी वाक्यं चटाचट जुळत होती; फक्त एक जुळत नव्हतं. साधं कापड विणा, असं मामांना म्हणता आलं असतं. का, असं त्यांनी विचारलं असतं. दवाखान्यांना लागतं, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मामा दवाखान्यासाठी मोर सोडणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पन्नास वर्षं ज्यानं नक्षी काढली त्याला नक्षी नको म्हणायचं तर कारणही तेवढंच भारी लागणार, आणि तसं कारण तिच्याजवळ एकच होतं. पूर्वी अशा वेळी तिनं स्वतःला सांगितलं असतं की आपण कोण सांगणार, आपलं काय वय, आपला काय अधिकार. आज तो आवाज आला, पण लांबून आला, शेजारच्या घरात कुणी कुणाला बोलावं तसा. चौकात उतरल्यावर तिनं पदर नीट केला आणि घरात न जाता सरळ शेडकडे वळली.

शेडमध्ये निंगप्पा एका मागाखाली उताणा पडून नट ढिले करत होता. तो मूळचा मैंदर्गीचा, तीस वर्षं याच दोन मागांचा मिस्त्री. बाजूच्या स्टुलावर मामा तेलाचं फडकं घेऊन दुसऱ्या मागाचं लोखंड पुसत होते, किलोवर जाणारं लोखंड, सणाच्या आधी पुसावं तसं. निंगप्पानं तिचे पाय पाहून खालूनच सांगितलं, “वैनी, ह्यो नट माझ्यापेक्षा म्हातारा हाय, पर लई घट्ट हाय की. निघंना.” ती म्हणाली, नका काढू. मग तिनं मामांना कागद दाखवला आणि सगळं सांगितलं: किती जण विचारतात, काय विचारतात, कुणी विणत नाही ते. मामांनी फडकं न थांबवता ऐकलं. साधं, पातळ, उठाव नाही, नक्षी नाही, पट्टासुद्धा नाही, असं ती म्हणाली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. ते काय विणणं झालं, म्हणाले. ते तर पोरंही विणतील. कुणीच विणत नाही, ती म्हणाली. आणि मग, श्वास न घेता, खालच्या मानेनं नव्हे तर त्यांच्याकडे बघत, तिनं ते एक वाक्य सांगून टाकलं.

“मामा, अत्ताच्या पाठीला तुमचा मोर घासत होता. दिवसा मी तो काढून ठेवायचे. तुम्ही यायच्या आत परत घालायचे.”

निंगप्पाचा पाना थांबला. तिला पुढचं सांगायचं होतं, की जखम पडून राहिल्यानं होते, तुमच्या एकट्या चादरीनं नव्हे, सिस्टरनं तसं सांगितलं होतं. ते तिनं सांगितलंही. पण मामांना ते ऐकू आलं की नाही हे समजलं नाही. ते फडक्याकडे बघत होते, जणू त्याच्यावर काही उमटलं आहे.

“मला तर म्हणायची, ह्याच्यावर झोप लागते.”

“तुम्ही समोर असताना म्हणायची.”

“आणि हे तू मला आज सांगतेस? माग जायच्या दिवशी?”

“जाऊ नयेत म्हणून सांगते.”

पत्रा तापून मधूनच टण् वाजत होता. भुवनेश्वरीला वाटलं होतं की हे बोलल्यावर आपले पाय कापतील, आपण रडू, निदान पळून जावंसं वाटेल. पण यातलं काहीच झालं नाही. ती उभी होती. आपण घराचं काही मोडलं असेल तर ते मोडायला हवंच होतं, असं तिला स्वच्छ वाटत होतं, आणि ते वाटणं इतकं नवं होतं की ती त्याच्याकडे कुतूहलानं बघत होती. मामा उठले. रागावून आत जाणार, असं तिला वाटलं. ते मागाच्या डोक्यावर नक्षी काढणाऱ्या जकार्डशी गेले, जिथून मोराचे पुठ्ठे साखळीसारखे खाली लोंबत होते, ते त्यांनी एकदा हातानं चाचपले आणि परत स्टुलाशी आले. त्यांचा आवाज निघाला तो विणकराचा होता, गिऱ्हाइकाला विचारावं तसा कोरडा.

“रुंदी किती?”

तिला इंच सांगता येईनात. पलंग किती, ते ठाऊक होतं. पण रुंदी पलंगाची नव्हती. खाली सरकवून, दोन्हीकडे दोन बायकांच्या मुठीत येऊन, वर माणूस एका कुशीवरून दुसरीवर गेला तरी कापड संपता कामा नये, एवढी ती होती, आणि ती तिच्या खांद्यांना आणि मनगटांना माहीत होती, आकड्यात नव्हती. तिनं हात पसरून दाखवले, मग कमी केले, मग वाढवले. मामा बघत राहिले. काही केल्या सांगता येईना तेव्हा तिनं चपला काढल्या, साडीचा घोळ पायांत घट्ट आवळून घेतला, आणि सुताच्या पिसांनी भरलेल्या त्या शेडच्या फरशीवर, सासऱ्यांच्या पायाशी, ती उताणी झोपली. असं कुठल्या सुनेनं कधी केलं नसेल. निंगप्पा घाईघाईनं मागाखालून बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फरशी गार होती. मामांनी खिशातून खडू काढला, गुडघे धरत खाली बसले, आणि तिच्या डाव्या खांद्यापासून चार बोटं सोडून एक रेघ ओढली.

“हितं धरायचं?” असं त्यांनी विचारलं.

“आणखी हातभर. मुठीत यायला पाहिजे.”

रेघ पुसली गेली, पुढे सरकली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, मग पुन्हा एकदा, जरा लांबवून. निंगप्पानं मान वळवून मामांकडे पाहिलं. मामांनी मान वर केली नाही.

“जा, सांग त्याला. माग चालू आहेत म्हणावं.”

निंगप्पानं हातातल्या पान्याकडे पाहिलं, ढिल्या झालेल्या मागाकडे पाहिलं, आणि गेला. मामांनी दुसऱ्या बाजूला येऊन खडू टेकवला. त्यांचा हात थांबून राहिला होता.

“आता वळ,” ते म्हणाले. “सावकाश. ती वळायची तशी.”

भुवनेश्वरीनं डोळे मिटले, कंबरेखालचं सगळं अंग सोडून दिलं, आणि वळली.